फोन कोणाचा होता?

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील. पावसाची भुरभुर होती आणि मी दुपारी पावणेएकला आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीच्या पत्र्याखाली लेकीच्या व्हॅनची वाट बघत उभी होते. उतारावरच्या वळणावर व्हॅन दिसली. काकांचा उजवा हात स्टिअरिंगवर, डाव्या हातातला फोन कानाला. वळणावर गिअर टाकायची वेळ आली तसा त्यांनी फोन खांद्याशी दाबून धरला, मान वाकडी केली आणि त्या वाकड्या मानेनंच व्हॅन वळवली. मागे दहा मुलं. पुढच्या सीटवर माझी मनू, तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं आणि आणखी कोणाचं तरी दप्तर.

मी काय केलं म्हणाल तर मनूला उतरवून घेतलं, "बराय काका" म्हटलं आणि घरी आले. पोळ्या लाटताना राग यायला लागला. आधी काकांचा आला, मग माझा. भाजीवाल्यानं दहा रुपये जास्त लावले तर मी तिथल्या तिथे भांडते. इथे अकरा पोरांच्या जिवाशी खेळ चाललेला बघितला आणि तोंडातून शब्द फुटला नाही.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याची तक्रार करावी का? माझं उत्तर आहे, करावी. पण त्या उत्तरापर्यंत मी सरळ वाटेनं आलेले नाही, आणि तक्रार केल्यावर आपल्याकडे पुढे जे घडतं ते सगळंच मला पटतं असंही नाही.

आपल्याला तक्रारीचं वावडं नाही. पाणी आलं नाही, लाइट गेली, शेजाऱ्यानं गेटसमोर गाडी लावली, की आपण तावातावानं तक्रार करतो. रस्त्यावरच्या माणसाची करायची म्हटलं की मात्र घशात काहीतरी अडकतं. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' लिहिणारा मॉनिटर आठवतो. तो कोणालाच आवडायचा नाही, आणि न आवडण्यात वर्गाचं काही चुकत नव्हतं. बाईंच्या नजरेत भरण्यासाठी तो नावं लिहायचा, आणि त्या यादीतल्या पोरांनी बोलून कोणाचं फारसं काही बिघडवलेलं नसायचं. चहाडी ती हीच. व्हॅनमधल्या त्या वाकड्या मानेला हा नियम लागू कसा होईल? ताशी 40 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे सरकते. स्क्रीनवर कोणाचं नाव आलंय हे बघायला तीन सेकंद लागले, तर व्हॅन 33 मीटर पुढे गेली. आमच्या गिरणीपासून दत्ताच्या देवळापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच आहे, आणि मध्ये दोन बोळ येऊन मिळतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "वीस वर्षं गाडी चालवतोय, कधी काही झालं नाही." काकाही तेच म्हणाले असते. अपघातात कोणी जखमी न होता गाडीचं मात्र बरंच नुकसान झालं, अशा टोरंटोतल्या 699 मोबाइलधारक चालकांची फोनबिलं तपासून केलेला एक अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना धडक होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोन हातात धरण्याऐवजी हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. हात मोकळा असून उपयोग नव्हता, लक्ष फोनमध्येच होतं. आपला कायदा मात्र हातापाशीच थांबतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत हातात धरलेलं संपर्कसाधन वापरणं घातलं. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता फोन चालतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. कानात ब्लूटूथ घालून घाटभर भावकीच्या जमिनीचा वाद घालणारा माणूस या व्याख्येतून अलगद सुटतो.

आकडे बघायला गेलं तर गंमत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये देशात रस्त्यांवर 1,53,972 माणसं मेली आणि त्यांतली फक्त 1,040 मोबाइलच्या वापरामुळे. म्हणजे शंभरात एकही नाही. हा आकडा दाखवून कोणी म्हणेल, बघा, उगाच बाऊ करताय. पण पंचनामा कसा होतो ते बघा. वेगाची खूण रस्त्यावर राहते, उलट्या बाजूनं आलेली गाडी उलट्या बाजूलाच सापडते, दारू रक्तात सापडते. फोन धडकेत सीटखाली जातो. चालक जिवंत असेल तर "मी बोलत होतो" असं तो सांगायला जाणार नाही, आणि मेला असेल तर प्रश्नच मिटला. मग 'भरधाव व निष्काळजीपणे' एवढं लिहून कागद पुढे सरकतो. या गुन्ह्याचा खरा पुरावा अपघाताच्या आधी असतो, आणि तो बघणाऱ्यांच्या डोळ्यांत असतो. बसमधल्या मागच्या सीटवरची बाई, सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला, गिरणीच्या पत्र्याखाली उभी असलेली मी. आम्ही गप्प बसलो तर तो पुरावा नाहीसा होतो. बोलायला हवं असं मला वाटतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

तरी मी लगेच बोलले नाही, हेही खरं. त्या आठवड्याच्या शनिवारी महिन्याचे पैसे द्यायचे होते. पैसे हातात ठेवता ठेवता म्हटलं, "काका, गाडी चालवताना फोन घेत जाऊ नका हो." मला वाटलं होतं ते रागावतील किंवा हो हो म्हणून वेळ मारून नेतील. त्यांनी खिशातून फोन काढला, उघडला आणि माझ्याच हातात दिला. "बघा मनूची आई, तुम्हीच बघा."

मी अंगठ्यानं खाली सरकवत मंगळवारपर्यंत गेले. 12:20 ते 1:05 या पाऊण तासात आलेले चौदा कॉल. एक घरचा, एक गॅरेजवाल्याचा, एक कुठल्यातरी फायनान्सवाल्याचा. उरलेले अकरा पालकांचे. 'शौर्य पप्पा', 'आर्या मम्मी', 'आर्या मम्मी', 'रुद्र आजोबा'. मी बघितला तो फोन 12:44 चा होता. त्याच्या वरच्या ओळीत... नाही, खालच्या, 12:41 ला, 'मनू आई'. पाऊस सुरू झाला म्हणून मीच केला होता. "काका, कुठपर्यंत आलात?" म्हणजे मला दिसलेल्या वळणाच्या आधीच्या कुठल्यातरी वळणावर ती मान माझ्यासाठी वाकडी झाली होती.

"आणि नाही उचलला तर?" काका म्हणाले. "एकदा नव्हता उचलला. दहा मिनिटांत शाळेत चार फोन गेले, व्हॅनवाले उचलत नाहीत म्हणून. ऑफिसातून मला बोलावणं."

इथे कोणी म्हणेल, मग झालं तर, दोष पालकांचा, काकांना सोडा. मी सोडत नाही. फोन कोणी केला हा एक प्रश्न, उचलला कोणी हा दुसरा, आणि पहिल्याच्या उत्तरानं दुसरा मिटत नाही. गाडी बाजूला घेऊन उचलता येतो. पण तक्रार करायची तर ती फोनच्या दोन्ही टोकांना जायला हवी, हे मला त्या यादीनं शिकवलं. आपल्याकडे तक्रारीचा सगळा भार एकाच टोकावर पडतो, आणि ते टोक बहुधा सगळ्यात गरीब असतं.

मार्च 2025 मधलं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होता. एका प्रवाशानं त्याचा व्हिडिओ काढला आणि थेट परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडे पाठवला. त्या प्रवाशानं केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. घाटरस्त्यावर गाडीभर माणसं घेऊन मॅच बघणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पुढे काय झालं? चालक एका खासगी संस्थेकडून घेतलेला होता. त्याला कामावरून काढलं गेलं. संस्थेला दंड झाला 5,000 रुपये. एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याचं एवढ्या पैशांवर भागलं. त्या चालकाला नेमलं कोणी, शिकवलं कोणी, गाडीत चढताना फोन जमा करून घ्यायची पद्धत होती का, सलग किती तास तो चाकावर होता, यातलं काहीही त्या पाच हजारांत विचारलं गेलेलं नाही. मंत्री कडक वागले म्हणून टाळ्या वाजल्या आणि विषय संपला.

'कोणाच्या पोटावर पाय कशाला आणा' हे आपल्याकडचं गप्प बसण्याचं सगळ्यात भारदस्त कारण आहे, आणि मी त्याची टिंगल करणार नाही. एसटीच्या कितीतरी प्रवाशांनी चालकाला फोनवर बोलताना पाहिलेलं असतं. समोर पाटी असते, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये'. ती पाळून सगळे गप्प, आणि चालक बोलतोय भलत्याशीच. कोणी कंडक्टरला सांगत नाही, कारण सांगितलं तर बिचाऱ्याची नोकरी जाईल असं वाटतं. हे वाटणं निराधार नाही. शिक्षा एकतर शून्य किंवा थेट घरी, अशी असेल तर माणसं शून्य निवडतात. जिवंत माणसं घरी पोचतात, चालकाची नोकरी राहते, सगळं ठीक. एखाद्या दिवशी ठीक नसतं.

मधली पायरी खरं तर कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनं ऑगस्ट 2015 मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं, की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. सिग्नल तोडणारे, दारू पिऊन चालवणारे, मालट्रकमध्ये माणसं भरणारे यांच्याच रांगेत मोबाइलवाले होते. तीन महिने घरी बसणं पोट भाजणारं आहे, पण चौथ्या महिन्यात माणूस परत चाकावर येतो आणि बहुधा फोन खिशात ठेवून येतो. माझ्या तक्रारीनं तीन महिने होणार असतील तर मी उद्या तक्रार करीन. नोकरीच जाणार असेल तर मी पुन्हा पोळ्या लाटत बसेन. माझ्यासारख्या भित्र्या माणसाचं हे गणित शासनानं समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक साक्षीदार माझ्यासारखेच असतात.

प्रत्यक्षात आपल्याकडे भर दंडावर आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून मोबाइलसाठी दुचाकीला 1,000, चारचाकीला 2,000, बाकी वाहनांना 4,000 आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर 10,000 रुपये. ई-चलन निघतं, मेसेज येतो, लोक थकवून ठेवतात, मग लोकअदालतीची नोटीस येते आणि तिथं तडजोड होते. दोन हजार रुपये हा कोणाला आठवड्याचा किराणा आहे आणि कोणाला हॉटेलातलं एक बिल. लायसन्सचे तीन महिने मात्र दोघांनाही सारखेच लांब असतात.

नागरिकांनी कळवावं म्हणून सोयी केल्या गेल्या आहेत. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या ॲपवर फोटो टाकता येतो. दिल्लीत 'ट्रॅफिक सेंटिनेल' नावाचं असंच ॲप होतं, ते सप्टेंबर 2024 मध्ये 'ट्रॅफिक प्रहरी' नावानं पुन्हा आणलं गेलं आणि सगळ्यात जास्त तक्रारी करणाऱ्यांना दर महिन्याला रोख बक्षिसं ठेवली गेली, पहिलं 50,000 रुपयांचं. गोव्यात पोलिसांनी नोव्हेंबर 2017 मध्ये अशीच सेंटिनेल योजना सुरू केली होती. फोटो पाठवा, गुण मिळवा, गुणांचे पैसे घ्या. तिथे लोक चिडले आणि फोटो काढणाऱ्यांना धक्काबुक्की होण्यापर्यंत मजल गेली. मला गोवेकरांचा राग समजतो. पैसे ठेवले की तक्रारीची शिकार होते. शिकार करणारा सोपं सावज बघतो, म्हणजे कोपऱ्यावर हेल्मेट न घालता दूध आणायला निघालेला माणूस. काळ्या काचांच्या गाडीत बसून नव्वदच्या वेगानं मेसेज टाइप करणारा त्याच्या फोटोत येतच नाही. शिवाय ज्या दिवशी सांगण्याचे पैसे मिळाले त्या दिवशी सांगणारा पुन्हा तो मॉनिटर होतो.

लंडनमध्ये माइक व्हॅन अर्प नावाचा एक सायकलस्वार आहे. हेल्मेटवर कॅमेरा लावून तो फोन वापरणाऱ्या चालकांचं चित्रण करतो आणि पोलिसांकडे पाठवतो. त्याचे वडील दारू प्यालेल्या चालकामुळे झालेल्या अपघातात गेले होते. त्यानं बडीबडी माणसं कोर्टात उभी केली आहेत, आणि त्याच्याइतक्या शिव्या खाणारा माणूसही विरळा. मला तो आवडतो की नाही हे मला सांगता येत नाही. पण तिथली पुढची साखळी बघण्यासारखी आहे. चित्रण पोलिसांकडे जातं, ठरवतात पोलीस, दंड 200 पाउंड आणि लायसन्सवर सहा गुण. तीन वर्षांत बारा गुण झाले की गाडी चालवायला बंदी, आणि नव्या चालकाचं लायसन्स पहिल्या सहालाच जातं. माझा मावसभाऊ तिथे स्लाऊला असतो. गाडीत बसला की फोन मागच्या सीटवर फेकतो. इथे सुट्टीला आला की तोच माणूस भाड्याच्या गाडीत एका हातानं व्हॉट्सॲप बघत महाबळेश्वर चढतो. त्याला मी विचारलं तर हसला. "इथं कोण बघतंय?"

बघतात सगळेच. बघितलेलं सांगायला घाबरतात, आणि तेही उगाच नाही. लहान गावात तक्रार कोणी केली हे चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत कळतं. अपघात झाल्यावर जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि 2019 च्या दुरुस्तीत कलम 134अ आलं. फार चांगलं झालं. पण तोच माणूस अपघाताच्या आधी तोंड उघडेल तर त्याचं नाव गुप्त ठेवायची अशी काही कायदेशीर हमी त्या कलमात नाही. रस्त्यावर रक्त सांडल्यावर मदतीला धावणारा आपल्याला देवमाणूस वाटतो आणि सांडण्याआधी बोलणारा आगाऊ.

आमच्याकडे गाळपाच्या हंगामात, म्हणजे थंडीच्या दिवसांत, उसाच्या ट्रॅक्टरच्या मागे अडकणं ही रोजची गोष्ट. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर मावेनासा झालेला ऊस, डेकवर गाणी आणि ड्रायव्हरच्या कानाला फोन. ट्रॉलीला मागून नंबर दिसेल तर शपथ. तक्रार करायची ती कोणाची करणार? समजा नंबर मिळाला, पोलिसांनी अडवलं, दंड केला. पण फोनवर होतं कोण? बहुधा मुकादम, नाहीतर ज्याच्या शेतात पुढची खेप भरायची आहे तो. "कुठं आलायस रं? किती वेळ?" कारखान्यावर नंबर लागायचा आहे, खेपेवर पैसे आहेत. डिलिव्हरीच्या पोरांचंही हेच. हँडलला अडकवलेल्या फोनवर ऑर्डर वाजते, काही सेकंदांत घेतली नाही तर दुसऱ्याला जाते. म्हणजे ते बोट स्क्रीनवर पडावं अशी व्यवस्थाच कोणीतरी केलेली आहे. त्या पोराचा फोटो पोलिसांच्या ॲपवर टाकायला मला हरकत नाही. पण त्याच्या पाठीवरच्या पेटीवर जिचं नाव आहे त्या कंपनीलाही त्याच ई-चलनाची प्रत, दंडासह, गेली पाहिजे. मुकादमाला, ट्रॅव्हल्सच्या बुकिंग ऑफिसला, 'कुठपर्यंत आलात' विचारणाऱ्या प्रत्येक मालकाला. कामासाठी गाडी चालवणाऱ्याच्या गुन्ह्यात मालकाचा वाटा धरायचा, ही मागणी कोणी लावून धरलेली मला तरी दिसत नाही.

मग सामान्य माणसानं करायचं काय? माझा स्वतःपुरता क्रम सांगते, पटला तर घ्या. गाडीत असाल तर आधी तोंडानं सांगा. "दादा, फोन नंतर घ्या" एवढंच, आवाज न चढवता. मी तसं सांगायला लागल्यापासून दहातल्या आठ जणांनी फोन ठेवला आहे. एका वडापवाल्यानं, म्हणजे शेअर जीपवाल्यानं, मलाच उतरायला सांगितलं, हेही नोंदवून ठेवते. सांगून भागलं नाही तर गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, आणि जमलं तर एक फोटो, जिथून गाडी थांबवता येईल अशा ठिकाणी पाठवा. एसटी असेल तर आगारात, शाळेची गाडी असेल तर शाळेत आणि आरटीओत, बाकी वाहतूक पोलिसांकडे. आणि तुम्ही स्वतः गाडी चालवत असाल तर हे काहीही करू नका.

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकणं या क्रमात नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला आमच्याच ग्रुपकडे यावं लागेल.

ऑगस्टमध्ये कोणीतरी काकांचा नऊ सेकंदांचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. पुन्हा तीच मान, तोच फोन. एका तासात तीस-पस्तीस मेसेज. 'धक्कादायक', 'अशांना गावातून हाकला', हात जोडल्याच्या खुणा. दुसऱ्या दिवसापासून चार मुलं दुसऱ्या व्हॅनला गेली, त्यांत दोनदा फोन करणाऱ्या आर्याच्या मम्मीही होत्या. काकांना कोणी विचारलं नाही, पोलिसांना कोणी कळवलं नाही, आरटीओला नाही, शाळेला नाही. व्हिडिओ नीट बघितला तर तळाशी स्कूटरचं हँडल दिसत होतं आणि त्यावर एकच हात. म्हणजे काढणाऱ्याचा दुसरा हात कुठे होता ते उघड होतं. मी ते ग्रुपवर लिहिलं. कोणीच उत्तर दिलं नाही. काकांच्या व्हॅनचा हप्ता चालू होता. सात मुलांत तो भागेना म्हणून त्यांनी सकाळी दुधाच्या फेऱ्या धरल्या, म्हणजे झोप आणखी दोन तासांनी कमी. मुलांची सुरक्षितता यात कशी वाढली ते मला अजून समजलेलं नाही.

त्यानंतर मात्र मी तक्रार केली. कागदावर, सहीनिशी, शाळेकडे. त्यात काकांचं नाव होतं, ती वळणाची हकीकत होती आणि फोनच्या यादीचीही. माझ्या 12:41 च्या कॉलसकट. पाठवायच्या आधी काकांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र घेतला नाही. शाळेचं उत्तर आलं की व्हॅन हा पालक आणि व्हॅनचालक यांच्यातला खासगी मामला आहे. मी पुन्हा लिहिलं, की महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, तिची बैठक कधी झाली ते कळवावं. ती समिती फाइलमध्ये होती. बैठक दिवाळीनंतर झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोसे धरून चाळीस मिनिटं. एक पोलीस हवालदार आले होते, ते मधूनमधून फोनवर बाहेर जात होते, पण ते जाऊ दे.

ठरलं ते साधं होतं. शाळा सुटल्यापासून सव्वाएकपर्यंत कोणत्याही पालकानं व्हॅनवाल्यांना फोन करायचा नाही. निघताना व्हॅनवाल्यांनी ग्रुपवर लाइव्ह लोकेशन सुरू करायचं आणि फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्यायचा. अडचण असेल तर शाळेच्या ऑफिसात फोन करायचा. कोणाला पुन्हा हातात फोन दिसला तर एक आठवडा गाडी बंद, त्या आठवड्यात मुलांना पालक सोडतील. आणि ज्या पालकाचा फोन आला त्याचं नाव समितीला कळवायचं. हा शेवटचा मुद्दा मी मांडला तेव्हा खुर्च्या जरा सरकल्या. शौर्यचे पप्पा म्हणाले, "हे जरा जास्तच होतंय, मॅडम." मतदानात तो दोन मतांनी पास झाला.

काकांची व्हॅन या नियमानं एकदा बंद राहिली, जानेवारीत, आठवडाभर. त्या वेळी मनूला मी स्कूटरवरून सोडत होते आणि पहिल्याच दिवशी सिग्नलला माझा हात पर्सकडे गेला. मागून मनूनं माझी ओढणी ओढली.

चारपैकी दोन मुलं परत काकांकडे आली आहेत. फोन कप्प्यातच असतो. मनू सांगते की तो अजून वाजतो. परवा सात वेळा वाजला, तिनं मोजलं होतं.